हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार: प्राथमिक दवाखान्यातली चाळणी, पायरीपायरीने

हिमोग्लोबिन १०.८. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर १०.९. असा माणूस समोर आला की चौथ्या महिन्याच्या गोळ्या लिहिण्याआधी त्याच्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावरचे आणखी तीन आकडे वाचावेत: तांबड्या पेशींची संख्या, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) आणि एमसीएच (एका पेशीतले सरासरी हिमोग्लोबिन). आनुवंशिक हिमोग्लोबिन विकारांची चाळणी, म्हणजे स्क्रीनिंग, बहुतेक वेळा इथूनच सुरू व्हायला हवी, आणि बहुतेक वेळा इथेच ती निसटते. यात यंत्राचा दोष नसतो. आकडा छापलेला असतो, फक्त तो कुणी वाचलेला नसतो.

प्राथमिक दवाखान्यातले डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि समुपदेशक यांना हाताशी ठेवता येईल असे हे मार्गदर्शन आहे. यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: या कामात कोणताही रिपोर्ट एकट्याने वाचायचा नाही. एचपीएलसीसोबत (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) सीबीसी हवी, सीबीसीसोबत फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) हवे, आणि तिन्ही कागदांसोबत माणसाचे वय व मागचे रक्त कधी चढवले ती तारीख हवी.

शोध नेमका कशाचा

निरोगी प्रौढाच्या रक्तात हिमोग्लोबिनच्या प्रकारांपैकी ए साधारण ९५ ते ९८ टक्के, ए२ दोन ते सव्वातीन टक्के आणि एफ (गर्भातले हिमोग्लोबिन) एक टक्क्याच्या आत असते. बिघाड दोन प्रकारचे. पहिल्यात हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या साखळीची घडण बदलते: एस, सी, डी, ई ही नावे त्यातली. हिमोग्लोबिन एसमध्ये (सिकल हिमोग्लोबिन) बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकाने ऑक्सिजन सुटला की पेशीतले हिमोग्लोबिन दांड्यांसारखे गोठते. दुसऱ्या प्रकारात साखळीची घडण ठीक असते, पण ती कमी तयार होते: हा थॅलेसेमिया, अल्फा किंवा बीटा. हिमोग्लोबिन ई दोन्हीकडे पाय ठेवून आहे. त्याची घडणही वेगळी आणि उत्पादनही कमी.

आईवडिलांपैकी एकाकडून बिघडलेला जनुक आला तर माणूस वाहक, म्हणजे ट्रेट किंवा मायनर. दोघांकडून आला तर रुग्ण. यात सगळ्या जोड्या सारख्या धोक्याच्या नसतात, म्हणून कोणती जोडी गंभीर हे भिंतीवर लावून ठेवावे. बीटा आणि बीटा: थॅलेसेमिया मेजर, म्हणजे तीव्र थॅलेसेमिया. एस आणि एस, एस आणि बीटा, एस आणि सी, एस आणि डी-पंजाब: सगळे सिकलसेल आजाराचेच प्रकार. ई आणि बीटा: सौम्य ते मेजरइतके तीव्र, आधी सांगता येत नाही. उलट ई आणि ई म्हणजे बारीक पेशी आणि फारसा त्रास नाही. डी आणि बीटा सहसा सौम्य. एस आणि अल्फा एकत्र आले तर नवा गंभीर आजार होत नाही, फक्त एसचा टक्का उतरतो. अल्फाची गोष्ट वेगळी: तिथे चार जनुक असतात. तीन गेले तर हिमोग्लोबिन एच आजार, चारही गेले तर गर्भ सहसा पोटातच किंवा जन्मताच दगावतो आणि आईलाही धोका होतो.

कोणाची तपासणी, केव्हा

सर्वात महत्त्वाचा गट गर्भवतींचा, तोही पहिल्याच भेटीत, शक्यतो १० आठवड्यांच्या आत. त्याहून चांगली वेळ म्हणजे लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याचा विचार चालू असताना. तेव्हा घाई नसते आणि पर्याय जास्त असतात. मग नवजात बाळे. मग वाहक किंवा रुग्ण सापडलेल्या घरातली सख्खी माणसे: वाहकाच्या प्रत्येक भावंडाला वाहक असण्याची शक्यता साधारण निम्मी असते, म्हणून एक वाहक सापडला की त्याच्या घरात शोध घेणे हे अनोळखी शंभर जणांना टोचण्यापेक्षा फलदायी ठरते.

याशिवाय काही चिन्हे दिसली की वाट पाहू नये: लोहाला न जुमानणारी बारीक पेशींची ॲनिमिया, पिवळे डोळे आणि वाढलेली प्लीहा, सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाच्या हातापायांच्या बोटांना एकाएकी आलेली दुखरी सूज, वारंवार हाडे दुखणे, लहान वयात पित्ताचे खडे.

नमुना: चूक इथे झाली तर पुढे दुरुस्त होत नाही

जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत २ ते ३ मिलि रक्त, खुणेपर्यंत. नळी हलक्या हाताने ८ ते १० वेळा उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. नाव, वय, तारीख नळीवर माणसासमोरच लिहायची; टेबलावर चार नळ्या जमल्यावर लेबले लावणे हे अदलाबदलीला आमंत्रण. सीबीसी शक्यतो त्याच दिवशी. नमुना खोलीच्या तापमानात पडून राहिला की पेशी पाणी शोषून फुगतात, एमसीव्ही खोटीच वर सरकते आणि वाहक ‘नॉर्मल’ ठरतो. एमसीएचवर हा परिणाम होत नाही, म्हणून नमुने लांब जात असतील तर एमसीएचवर जास्त भरवसा ठेवा. एचपीएलसीसाठीची नळी २ ते ८ अंशांत ठेवली तर साधारण आठवडाभर चालते; गोठवू मात्र नये.

मागणीपत्रावर चार गोष्टी नसतील तर प्रयोगशाळेने नमुना परत पाठवला तरी तक्रार करू नये: वय, गरोदरपणाचा आठवडा, गेल्या चार महिन्यांत रक्त चढवले का, आणि लोहाच्या गोळ्या किंवा विषाणूविरोधी औषधे चालू आहेत का. चढवलेल्या रक्तातल्या पेशी १२० दिवसांपर्यंत जगतात. तेवढ्या काळात तुम्ही रुग्णाचे नव्हे, रक्तदात्याचे हिमोग्लोबिन मोजत असता.

त्यातूनच एक नियम निघतो, जो मोडला की महिने वाया जातात: तीव्र ॲनिमियाच्या मुलाला पहिल्यांदा रक्त चढवण्याआधी २ मिलि ईडीटीए रक्त काढून फ्रीजमध्ये ठेवा. निदानाचा विचार नंतर सुचला तरी नमुना हाताशी असतो. तो राहून गेला असेल तर आईवडिलांची तपासणी करा, किंवा डीएनए तपासणी. रक्त चढवल्यावर लगेच केलेल्या एचपीएलसीवरून मुलाला ‘सिकल ट्रेट’ म्हणून घरी पाठवल्याची चूक नेहमीची आहे. त्यातले ए हिमोग्लोबिन दात्याचे असते.

सीबीसी वाचणे

एमसीएच २७ पिकोग्रॅमच्या खाली किंवा एमसीव्ही ८० फेम्टोलिटरच्या खाली असेल तर माणूस चाळणीत अडकला असे धरा. ही मर्यादा प्रौढांची आहे. लहान मुलांत एमसीव्ही मुळातच कमी असते, त्यांच्यासाठी वयाचा तक्ता वापरा. हिमोग्लोबिनच्या आकड्यावर चाळणी करू नका. थॅलेसेमियाच्या कितीतरी वाहकांचे हिमोग्लोबिन १२ किंवा १३ असते आणि कागदावर कुठेही लाल खूण नसते. गरोदरपणी तर रक्त पातळ होऊन सगळ्यांचेच हिमोग्लोबिन उतरते. एमसीएच मात्र त्यामुळे उतरत नाही.

बारीक पेशी दिसल्या की प्रश्न एकच: लोह कमी आहे, थॅलेसेमिया आहे, की दोन्ही? लोह कमी असेल तर अस्थिमज्जेला पेशीच कमी बनवता येतात. वाहकात पेशी भरपूर बनतात, फक्त प्रत्येक पेशी लहान आणि फिकी निघते. म्हणून एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागायचे. उत्तर १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाकडे कल, वर आले तर लोहाकडे. याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. तो कल दाखवतो, निदान करत नाही.

तीन कागद शेजारी ठेवून पाहू.

पहिला: हिमोग्लोबिन १०.८, तांबड्या पेशी ५.६ दशलक्ष, एमसीव्ही ६२, एमसीएच १९.३. भागाकार ११. ॲनिमिया बेताची, पण पेशी इतक्या बारीक आणि संख्येने इतक्या जास्त. लोहाच्या कमतरतेने एमसीव्ही ६२ पर्यंत यायला हिमोग्लोबिन याहून पुष्कळ खाली जावे लागते. हा बहुधा बीटा वाहक; ए२ कडे पाठवा.

दुसरा: हिमोग्लोबिन ९.०, पेशी ४.१, एमसीव्ही ७०, एमसीएच २२, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतली तफावत) १८. भागाकार १७. पेशी कमी, आकार एकमेकांशी न जुळणारे. आधी लोह.

तिसरा कागद फसवतो: हिमोग्लोबिन ८.४, पेशी ४.३, एमसीव्ही ६३, एमसीएच १९.५, भागाकार साडेचौदा. फेरिटिन ६, ए२ ३.३. सूत्र म्हणते लोह, ए२ ‘नॉर्मल’च्या काठावर, आणि ‘थॅलेसेमिया नाही’ असा शिक्का बसतो. तीन महिने लोह दिल्यावर त्याच माणसाचे हिमोग्लोबिन १०.९, पेशी ५.५, एमसीव्ही ६४, भागाकार ११.६, ए२ ४.३. म्हणजे दोन्ही होते. लोहाच्या कमतरतेने ए२ दाबले गेले होते. हिमोग्लोबिन वर आले तरी एमसीव्ही जागची हलली नाही, हीच खूण.

आणि उलटी बाजू: सिकल वाहकाची सीबीसी बहुधा पूर्ण नॉर्मल असते. सीबीसी थॅलेसेमियाची चाळणी आहे, सिकलची नाही. ज्या भागात एस आढळते तिथे एमसीएच कितीही चांगली असली तरी एसची तपासणी वेगळी करावीच लागते.

नळीतल्या दोन तपासण्या

एचपीएलसी लांब असेल तिथे या दोन कामाला येतात, त्यांच्या मर्यादा पाठ असतील तर.

पहिली, सोल्युबिलिटी (हिमोग्लोबिन विरघळते का हे पाहणारी), एससाठी:

१. द्रावण फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडीत ऑक्सिजन सुटलेले एससुद्धा जास्त विरघळते, त्यामुळे खोटे ‘निगेटिव्ह’ येते.
२. नळीत २ मिलि द्रावण घ्या. त्यात सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते आणि सॅपोनिन पेशी फोडते.
३. २० मायक्रोलिटर रक्त घालून मिसळा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर दुप्पट, ४० मायक्रोलिटर.
४. पाच मिनिटांनी नळी काळ्या रेघांच्या कार्डापुढे साधारण अडीच सेंटीमीटरवर धरा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह.
५. प्रत्येक खेपेला एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना सोबत चालवा. डायथायोनाइट हवेने निकामी होते, आणि निकामी द्रावण सगळ्यांनाच ‘निगेटिव्ह’ ठरवते.

रक्तात चरबी किंवा प्रथिने फार असली तर खोटे पॉझिटिव्ह येते. सहा महिन्यांखालच्या बाळात ही तपासणी करूच नये. एफ इतके जास्त असते की एस लपून जाते. पॉझिटिव्ह आले तरी वाहक की रुग्ण हे कळत नाही, म्हणून प्रत्येक पॉझिटिव्ह पुढे एचपीएलसीला गेलाच पाहिजे.

यातली सगळ्यात महाग पडणारी चूक जोडीदाराच्या बाबतीत होते. पत्नी सिकल वाहक निघाली, पतीची सोल्युबिलिटी केली, निगेटिव्ह आली, दोघांना निश्चिंत करून पाठवले. पती बीटा थॅलेसेमियाचा, सीचा किंवा डीचा वाहक असेल तरी ही तपासणी निगेटिव्हच येणार, आणि मूल मात्र सिकलसेलचा रुग्ण होऊ शकते. वाहकाच्या जोडीदाराला नेहमी सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही. नुसती सोल्युबिलिटी कधीच नाही.

दुसरी, नेस्ट्रॉफ्ट, थॅलेसेमियाच्या वाहकांसाठी. वाहकाच्या पेशी सपाट असतात, पातळ मिठाच्या पाण्यात लवकर फुटत नाहीत. त्याचाच फायदा घ्यायचा. १० टक्क्यांच्या बफर सलाइनचे ३.६ मिलि घेऊन डिस्टिल्ड पाण्याने १०० मिलि केले की ०.३६ टक्क्याचे द्रावण तयार होते. एका नळीत हे २ मिलि, दुसऱ्या नळीत नुसते डिस्टिल्ड पाणी २ मिलि. दोन्हींत २० मायक्रोलिटर रक्त, अर्धा तास खोलीच्या तापमानाला न हलवता. मग हलकेच मिसळून पांढऱ्या कागदावरच्या काळ्या रेघेपुढे धरा. पाण्याच्या नळीत सगळ्या पेशी फुटलेल्या असतात, रेघ स्वच्छ दिसायलाच हवी. ती दिसत नसेल तर तपासणीच रद्द. सलाइनच्या नळीतही रेघ स्वच्छ दिसली तर निगेटिव्ह. धूसर झाली किंवा दिसलीच नाही तर पॉझिटिव्ह.

बिघडते कुठे? नळीत साबणाचा अंश राहिला की पेशी साबणाने फुटतात आणि वाहक निसटतो. बाटली उघडी राहून पाणी उडाले की द्रावण तीव्र होते आणि निरोगी माणूसही पॉझिटिव्ह येतो. लोहाच्या कमतरतेतही पुष्कळ पॉझिटिव्ह येतात. त्यामुळे कोणाला पुढे पाठवायचे हे ठरवण्यापुरतीच ही तपासणी. तिच्यावरून कुणाच्या हातात ‘वाहक’ असा कागद द्यायचा नाही.

बोटातल्या थेंबावर चालणारी तयार पट्टी किट मिळतात. ती ए, एस आणि सी ओळखतात, बीटा थॅलेसेमिया ओळखत नाहीत. पट्टी वाचण्याआधी पत्रक वाचा: काही किटमध्ये रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे, काहींमध्ये रेघ उमटली म्हणजे ते नाही. एका कंपनीचे किट संपून दुसरे आले की नेमकी इथे गडबड होते.

एचपीएलसीचा कागद

यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून ते कोणत्या मिनिटाला बाहेर पडले त्यावरून नाव देते. नाव म्हणजे फक्त खिडकी. एकाच खिडकीतून दोन वेगळी हिमोग्लोबिने बाहेर पडू शकतात.

ए२ ३.५ टक्क्यांच्या वर आणि एमसीएच कमी: बीटा वाहक. बहुतेकांचे ए२ ४ ते ६ असते. ए२ ३.३ ते ३.८ हा पट्टा संशयाचा. तिथे फेरिटिन पाहा, जोडीदाराची तपासणी त्याच आठवड्यात करा, आणि जोडीदारही वाहक निघाला तर डीएनए. बी१२ किंवा फोलेटची कमतरता आणि झिडोव्ह्युडिनसारखी काही विषाणूविरोधी औषधे ए२ थोडे वर नेतात. तेव्हा एमसीव्ही उलट मोठी असते, म्हणजे सीबीसी सोबत असेल तर हा घोळ लगेच सुटतो.

ए२ च्या खिडकीत २५-३० टक्के दिसले तर ते ए२ नव्हे, ई आहे. १० ते १५ टक्के असेल तर हिमोग्लोबिन लेपोरचा विचार करा. ते बीटा थॅलेसेमियासारखेच वागते. ए२ एवढे वाढतच नाही, हे लक्षात असले की पुरे.

ए आणि एस दोन्ही दिसले की ‘सिकल ट्रेट’ लिहून मोकळे होण्याची सवय वाईट. कोण जास्त आहे ते पाहा. वाहकात ए जास्त असते, एस साधारण ३० ते ४० टक्के. एस ६५, ए २०, पेशी बारीक असा कागद असेल तर तो एस-बीटा थॅलेसेमियाचा रुग्ण आहे किंवा रक्त चढवलेला सिकल रुग्ण. एस ३० च्या खाली असेल तर सोबत अल्फा थॅलेसेमिया किंवा लोहाची कमतरता असू शकते. आणखी एक फसवी जागा: एस असलेल्या नमुन्यात एसचेच काही बदललेले अंश ए२ च्या खिडकीत शिरतात, त्यामुळे ए२ किंचित वाढलेले दिसते. केवळ त्यावरून बीटा थॅलेसेमिया जोडू नये. एमसीव्ही आणि आईवडिलांचे कागद ठरवतील.

अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिस वापरत असाल तर एस आणि डी एकाच जागी दिसतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकल हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळे धावते हे दाखवले, तीच ही युक्ती. पण दोन वेगळी हिमोग्लोबिने सारख्या वेगाने धावू शकतात हा तिचा कच्चा दुवा. तिथे सोल्युबिलिटी किंवा ॲसिड माध्यमातली तपासणी फरक सांगते.

एचपीएलसी पूर्ण नॉर्मल, फेरिटिन नॉर्मल, तरी एमसीएच २७ च्या खाली: बहुधा अल्फा थॅलेसेमियाचा वाहक. एचपीएलसी अल्फाचा वाहक दाखवत नाही, म्हणून ‘नॉर्मल पॅटर्न’ या शब्दांवर विसंबू नका. गर्भवती आणि तिचा जोडीदार दोघांचीही एमसीएच २५ च्या खाली असेल तर अल्फाची डीएनए तपासणी तातडीने.

लोह: द्यायचे की नाही

‘थॅलेसेमिया मायनरला लोह देऊ नये’ हे वाक्य अर्धवट आहे. वाहकालाही लोहाची कमतरता होते, विशेषतः मासिक पाळी असलेल्या आणि गर्भवती बायकांना. फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर लोह द्या, नसेल तर देऊ नका. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटे वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार अशा वेळी प्रौढांत ७० ही मर्यादा धरतात. तीन महिन्यांनी पुन्हा सीबीसी. पेशी बारीकच राहणार आहेत, म्हणून एमसीव्ही नॉर्मल होईपर्यंत गोळ्या चालू ठेवण्याचा हट्ट नको; त्यात वर्षे जातात आणि लोह साठत राहते.

गरोदरपणी घड्याळ चालू असते

इथे ‘आधी लोह देऊन पाहू, मग ए२’ हा क्रम चालत नाही. पहिल्या भेटीत सीबीसी आणि एचपीएलसी एकत्र पाठवा. वाहक निघाली तर जोडीदाराचा नमुना त्याच आठवड्यात. शक्य असेल तर तो सोबत आला आहे त्याच दिवशी घेऊन ठेवा. दोघेही धोक्याच्या जोडीतले वाहक असतील तर लगेच आनुवंशिकी केंद्राकडे. गर्भाच्या तपासणीसाठी गर्भवेष्टनाचा अंश साधारण ११ ते १४ आठवड्यांत घेता येतो, गर्भजल १५ आठवड्यांनंतर. दोघांचे डीएनए बदल आधी माहीत असावे लागतात आणि त्यालाच वेळ लागतो. म्हणून १४ व्या आठवड्याला सापडलेली जोडी ८ व्या आठवड्याला सापडलेल्या जोडीहून फार वेगळ्या परिस्थितीत असते. तपासणी करायची का आणि निकालानंतर काय करायचे, हा निर्णय जोडप्याचा. आपले काम त्यांना निर्णयासाठी वेळ शिल्लक राहील असे वागणे.

नवजात बाळ

टाचेतून सुकवलेल्या रक्ताचे ठिपके, सहसा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, रक्त चढवण्याआधी. निकाल जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहितात. एफए: नॉर्मल. एफएएस: सिकल वाहक. एफएस: सिकलसेल आजार असण्याची दाट शक्यता. एफएसए: एस जास्त, ए कमी, म्हणजे बहुधा एस-बीटा प्लस (थोडे ए तयार होणारा एस-बीटा थॅलेसेमिया). नुसते एफ: बीटा थॅलेसेमिया मेजर किंवा फार अकाली जन्म. एफएएस आणि एफएसए यांत दोनच अक्षरांची जागा बदलते, पण एक वाहक आणि दुसरा रुग्ण. फोनवरून निकाल घेताना ही अक्षरे परत म्हणवून घ्या.

बीटा वाहक मात्र जन्मतः ओळखता येत नाही. ए२ प्रौढांच्या पातळीला यायला बहुधा वर्ष लागते. नवजात तपासणी नॉर्मल म्हणजे थॅलेसेमिया मायनर नाही, असे घरच्यांना कधी सांगू नये.

सिकल रुग्ण ठरलेल्या बाळाचे निदान दोन महिन्यांत पक्के करून पेनिसिलिन सुरू करायचे: एका प्रचलित मार्गदर्शनात तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे पाच वर्षांपर्यंत २५० मिलिग्रॅम दोनदा. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या साध्या औषधाने न्यूमोकॉकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला होता. न्यूमोकॉकसच्या लसी वेळेवर. आईला प्लीहा हाताने चाचपायला शिकवा, आणि ताप ३८.५ अंशांवर गेला की त्याच दिवशी रुग्णालय, रात्र असली तरी.

निकाल सांगणे

वाहकाला पहिले वाक्य हे: तुम्हाला आजार नाही, आणि मायनरचे पुढे मेजर होत नाही. दुसरे: जोडीदाराची तपासणी होईपर्यंत मुलाबाळांबाबत काहीच सांगता येत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. ही शक्यता दर वेळी नव्याने, नाणेफेकीसारखी. ‘पहिले मूल रुग्ण आहे, म्हणजे पुढची तिन्ही सुटली’ हा समज इतका पसरलेला आहे की तो विचारण्याआधीच खोडून काढावा. सांगून झाल्यावर त्यांच्याच शब्दांत परत ऐका.

सिकल वाहक सामान्य आयुष्य जगतो, पण लघवीतून रक्त गेले तर दुर्लक्ष करू नये, आणि उन्हात पाण्याविना अतिश्रम टाळावेत. त्याला ‘सिकलचा पेशंट’ म्हणू नका. हा शब्द नोकरीत आणि लग्नात त्याच्या आड येतो. निकाल फक्त त्याच्या हातात, सासरी किंवा शेजारी नाही. घरातल्यांच्या तपासणीत कधी वडिलांचा कागद मुलाशी जुळत नाही; आधी नमुन्याची अदलाबदल तपासा, आणि मग जे काही असेल ते आईशी एकांतात.

कार्ड आणि नोंदवही

कार्डावर नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख व पद्धत, एमसीएच, ए२ किंवा एसचा टक्का, निष्कर्ष साध्या शब्दांत, आणि ठळक अक्षरांत: ‘जोडीदाराची सीबीसी आणि एचपीएलसी आवश्यक’. नुसते ‘पॉझिटिव्ह’ असे छापलेले कार्ड फाडून टाकलेले बरे. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही.

नोंदवहीत ‘तपासलेले’ हा स्तंभ सगळीकडे असतो आणि तोच वर पाठवला जातो. त्याच्या शेजारी आणखी तीन आखा: निकाल माणसाला मिळाल्याची तारीख, जोडीदार तपासल्याची तारीख, पुढे पाठवले तिथे पोचल्याची तारीख. महिन्याअखेरीस रिकामे चौकोन मोजा. गर्भवती वाहकाच्या ओळीत जोडीदाराचा चौकोन सात दिवसांहून जास्त रिकामा असेल, तर त्या घरी त्याच दिवशी फोन जायला हवा.